खुंटाउपाड

कळंबोलीत घोडी दिसते ती वरातीत. समोर डीजे, अंगावर जरीची झूल, आणि मागे लोखंड बाजाराकडे निघालेले ट्रेलर हॉर्न वाजवत खोळंबलेले. त्या गदारोळात न बिथरणारं जनावर लोक कसं निवडत असतील, याचं मला नेहमी कुतूहल वाटायचं. त्यातलं थोडंफार कळलं ते माथेरानला, चंदाच्या पाठीवर.

चंदा दस्तुरी नाक्यावरची. मोटारी तिथेच थांबतात, पुढे तांबड्या मातीची वाट. तिचे मालक, ज्यांना मी मामा म्हणते, लगाम हातात देण्याआधी तंगाचा पट्टा दोनदा तपासतात. ती मुद्दाम पोट फुगवते. चार पावलं चालवली की श्वास सोडते, मग पट्टा आणखी एक भोक वर जातो. तेवढ्या वेळात मी तिच्या कपाळावरचे केस सारून भोवरा बघते. तिचा एकच आहे, डोळ्यांच्या रेषेच्या बोटभर खाली, डावीकडे फिरलेला.

मामांना त्या भोवऱ्यात रस नाही. त्यांची यादी वेगळी. गळ्याखाली देवमण असला की शुभ, बाकीचे दोष तो पोटात घालतो. डोळ्याखालचा आसूढाळ मालकाला रडवतो. छातीवर हृदावळ असला तर घेऊच नये. पुढच्या पायावरच्या भोवऱ्याचं टोक खाली वळलेलं असेल तर खुंटागाड, म्हणजे दावणीचा खुंटा पक्का. वर वळलेलं असेल तर खुंटाउपाड, मालकाचं बस्तान उठवणारा. चंदाच्या डाव्या पायावर नेमका तोच आहे. म्हणून तर तापीकाठच्या सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या बाजारात, ती मामांना परवडली.

ही यादी ऐकताना एक गोष्ट खटकते. यात घोडीबद्दल काहीच नाही. ती लाथ मारेल का, उतारावर घाबरेल का, अनोळखी माणसाला पाठीवर घेईल का, यातलं एकही उत्तर नाही. सगळं भविष्य मालकाचं, जनावर म्हणजे त्याची चालतीबोलती पत्रिका.

भोवऱ्यावरून स्वभाव वाचायची खटपट अलीकडची, निदान कागदावर तरी. पशुवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये गुरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या वर, ती गुरं शिकंजात अडकवल्यावर जास्त धडपडत होती. पोलंडमध्ये कोनिक जातीच्या घोड्यांवर झालेल्या 2007 च्या कामातही उंच भोवऱ्याचे घोडे हाताळायला अवघड निघाले. कारण सांगतात ते असं, की गर्भात त्वचा आणि मज्जासंस्था एकाच थरातून घडतात आणि केसांची दिशा मेंदू वाढत असतानाच ठरते. मला हे पटण्यासारखं वाटतं. मात्र शंभर जनावरांत दिसणारा कल समोरच्या एका घोडीला लागू पडेलच असं नाही.

चंदाचा भोवरा खाली, म्हणजे ती थंड असायला हवी. माकडांच्या बाबतीत आहेही. जांभळाच्या फांदीवरून एक धपकन समोर पडलं तर तिचा एक कान तिकडे वळतो, खोगिराखाली पाठ क्षणभर ताठरते, एक फुरफुर, आणि चाल पुन्हा तीच. पण ओल्या पेव्हर ब्लॉकवर ती थबकते. टाच लावा, जीभ टाळूला लावून टकटक करा, नाही म्हणजे नाही. मान खाली घालून हुंगते आणि कडेच्या मातीवरून जाते. याला हट्ट म्हणायचं की अक्कल? मी अक्कल म्हणते, कारण खुरांना नाल आहेत आणि दोघींचं वजन तिला पेलायचं आहे.

लुईझा पॉइंटकडे जाताना तिची दुसरी खोड कळते. डावीकडे लोण्यासारखी वळते. उजवीकडे मान येते, खांदा येत नाही. आयर्लंडमध्ये 2008 साली 219 घोड्यांवर झालेल्या अभ्यासात डावखुऱ्या घोड्यांचे भोवरे जास्त करून डावीकडे फिरलेले आढळले होते. जुळतंय खरं. पण मामा तिला घेतल्यापासून डाव्या बाजूनेच धरून चालवत आलेत, लोक चढतात तेही डावीकडूनच. मग ही सवय कपाळाने लावली की माणसांनी?

पॉइंटवर थांबलो तेव्हा समोर दरीपलीकडे प्रबळगड होता. चंदाने मागचा पाय सैल सोडला होता. मी मामांना विचारलं, घोडी घेताना ते खरं काय बघतात. त्यांनी सांगितलं: चारही खूर उचलू देते का, पाठीमागे प्लास्टिकची पिशवी फडफडवली तर कुठे बघते, सोबतचं जनावर लांब नेलं तर खिंकाळत राहते का.

"आणि भोवरे?"

"ते मी नाही मानत, ताई. इतकी वर्षं झाली, हिने कुठे खुंटा उपटला?"

"मग बाजारात पहिला पाय का उचलून बघता?"

"भाव पाडायला. आणि उद्या विकायची वेळ आली, तर घेणारापण बघणारच ना."