पॅडलिंग

पॅडलिंग हा इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द असून हातातील सुट्या वल्ह्याने होडी चालवणे हा त्याचा मुख्य अर्थ आहे. यासाठी मराठीत 'वल्हवणे' हे क्रियापद आहे. मात्र रोइंगसाठीही तेच वापरले जाते.

नौकानयन

रोइंगमध्ये वल्हे होडीच्या काठावर अडकवलेले असते आणि वल्हवणारा जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतो. पॅडलिंगमध्ये वल्हे होडीला जोडलेले नसते व वल्हवणाऱ्याचे तोंड पुढे असते. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते, कनूच्या वल्ह्याला एकाच टोकाला. ऑलिंपिकमध्ये हे दोन वेगळे खेळ आहेत: रोइंगच्या शर्यती १९०० पासून, तर कनू-कयाकच्या १९३६ पासून होतात.

पिंपरी-चिंचवडमधील दिघीजवळ, दापोडी येथील सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, भूदलाचे रोइंग केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ हे बॉम्बे इंजिनियर ग्रुपचे जवान २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात तेरावे आले. २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या स्कल्स प्रकारात सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही ते होते. हे दोन्ही प्रकार रोइंगचे आहेत, पॅडलिंगचे नव्हेत. मराठीत दोन्ही खेळांतील खेळाडूंना 'नौकानयनपटू' म्हणत असल्याने नुसत्या या शब्दावरून खेळ ओळखता येत नाही. स्पर्धाप्रकाराचे नाव देणे इष्ट ठरते.

पायडल

सायकलीचे पायडल हा वेगळा शब्द आहे. त्याच्या मुळाशी पाय या अर्थाचा लॅटिन शब्द असून तो संस्कृत 'पद'चा सगोत्र आहे. मराठीत दोन्ही शब्द 'पॅडल' असेही लिहिले जात असल्याने गोंधळ होतो. तलावांवरील पायडल बोटीत तर दोन्ही अर्थ एकत्र येतात: पायडल पायांनी फिरवतात आणि त्यामुळे फिरणारे पात्यांचे चाक पाणी मागे लोटते.

शिक्षा

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या पार्श्वभागावर लाकडी फळीने मारण्यासही पॅडलिंग म्हणतात. शाळेतील अशा माराला क्रूर शिक्षेविरुद्धची घटनात्मक तरतूद लागू होत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इंग्रॅहम विरुद्ध राइट खटल्यात दिला. काही राज्यांत ही शिक्षा अजूनही कायदेशीर आहे. भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. या अर्थाचे भाषांतर 'फळीने मारणे' असे करावे.

इतर

उथळ पाण्यात अनवाणी चालणे यालाही इंग्रजीत पॅडलिंग म्हणतात. पिकलबॉलच्या फळीला पॅडल म्हणतात.