माल घ्यायला चीनला जाताय? तिथं महिनाभर राहायचं कसं, ते आधी शिका



शिरूर अनंतपाळच्या बाजारात कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये जा. हेअरक्लिप, बॅटरी, की-चेन, वाढदिवसाचे फुगे, काहीही उचला आणि खोका उलटा करून बघा. निम्म्या मालावर 'मेड इन चायना' दिसेल. हा माल लातूरच्या ठोक दुकानात मुंबईहून येतो आणि मुंबईत बऱ्याचदा यिवू नावाच्या शहरातून. म्हणून ट्रेनिंगमध्ये प्रश्न ठरलेला असतो, "सर, आपणच थेट गेलो तर?"

जाता येतं. 2020 पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर 2025 मध्ये परत सुरू झाली आहेत. पण भाव कसा करायचा हे सगळे विचारतात, राहायचं कसं हे कुणी विचारत नाही. खरा घोळ तिथंच होतो. आज तेवढंच बघू.

यिवू म्हणजे काय?

चीनच्या चच्यांग प्रांतातलं हे शहर शांघायपासून साधारण 300 किलोमीटरवर आहे. वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आत-बाहेर पोचता. आपल्याकडं बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी द्यायची ना? तसेच यिवूचे फेरीवाले गूळ-साखर देऊन कोंबडीची पिसं घ्यायचे. 1982 मध्ये सरकारनं त्यांना रस्त्याकडेला बाजार भरवायची परवानगी दिली. आज तिथं पंचाहत्तर हजारांच्या आसपास गाळे आहेत. एका गाळ्यात तीन मिनिटं थांबलात तरी सगळे बघायला वर्ष पुरणार नाही. म्हणून काय घ्यायचं ते घरूनच ठरवून जा.

पहिल्या 24 तासांतलं काम

परदेशी माणसानं कुठं मुक्काम केला याची नोंद 24 तासांत पोलिसांकडं व्हावी लागते, असा तिथला कायदा आहे. हॉटेलात उतरलात तर पासपोर्ट घेऊन हॉटेलवालेच नोंद करतात. पण "कशाला खर्च, आपला माणूस आहे, त्याच्या खोलीवर राहतो," असं केलंत तर पोलीस ठाण्यात तुम्हालाच जावं लागतं. नाही गेलात तर दोन हजार युआनपर्यंत दंड होऊ शकतो. खोली बदलली की नोंद परत करायची. पासपोर्ट कायम जवळ ठेवा आणि व्हिसा व्यापाराचाच काढा.

पैसे आणि मोबाईल

तुमचं फोनपे, गुगल पे तिथल्या दुकानात चालत नाही. तिथं भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत अलीपे आणि वीचॅटचा क्यूआर असतो. दोन्ही ॲप घरूनच डाउनलोड करा आणि इंटरनॅशनल चालू असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून घ्या. परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या खरेदीला जादा पैसे लागत नाहीत, त्यावर 3 टक्के लागतात. थोडी रोकडही ठेवा. रोख नाकारता येत नाही, पण सुट्ट्याची अडचण होते.

गुगल, यूट्यूब, व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर बंद. आपल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर व्हॉट्सॲप बहुतेक वेळा चालतं. रोमिंगचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येणार. सिम बंद, तर कार्ड असून नसल्यासारखं.

बोटांचा हिशोब

भाषा येत नाही, तर काम कॅल्क्युलेटरवर चालतं. दुकानदार आकडा टाइप करतो, तुम्ही तुमचा टाकायचा. पण कधी तो हातानं भाव दाखवतो आणि इथं आपला माणूस फसतो. अंगठा आणि तर्जनी उघडून दाखवली तर आपण समजतो दोन, पण तिथं ते आठ! अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. दोनला आठ समजलात तर फार बिघडत नाही. आठला दोन समजून पाच हजार नगांची ऑर्डर दिलीत, तर घरचं भांडवल गेलं. म्हणून भाव नेहमी कॅल्क्युलेटरवर बघा आणि फोटो काढून ठेवा.

हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा. टॅक्सीवाल्याला तेच दाखवायचं. तळमजल्याला तिथं पहिला मजला म्हणतात, हेही लक्षात असू द्या.

खाणं-पिणं

यिवूत भारतीय हॉटेलं आहेत, पण रोज परवडत नाहीत. शाकाहारी असाल तर "वो छी सू" एवढं पाठ करा, म्हणजे "मी शाकाहारी". तरीही रस्सा मांसाचा असू शकतो, म्हणून विचारून घ्या. सकाळी वाफवलेला बिनमसाल्याचा पाव आणि सोयाबीनचं दूध सहज मिळतं. लातूरच्या माणसाला सोयाबीन नवं नाही, फक्त ते पिण्याची सवय करावी लागेल! सोबत चटणी आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा न्या. प्यायला गरम पाणी सगळीकडं मिळतं, रेल्वेतसुद्धा.

जेवणं तिथं लवकर होतात, साडेअकरा-बाराला. जेवल्यावर दुकानदार टेबलावर डोकं ठेवून डुलकी काढतो. त्याला उठवून घासाघीस करू नका. पाचच्या सुमाराला बाजार बंद होतो. आणि चिनी नववर्षाच्या आसपास, जानेवारी-फेब्रुवारीत, बाजार आणि कारखाने काही आठवडे बंद असतात. त्या काळात गेलात तर खर्च करून कुलपं बघून याल.

सगळ्यात महत्त्वाचं: दुसऱ्याच्या उधारीला उभं राहू नका

डिसेंबर 2011 मध्ये यिवूत मुंबईच्या दोघा भारतीयांवर वाईट वेळ आली. ज्या कंपनीचं काम ते करत होते, तिचा मालक व्यापाऱ्यांचे पैसे थकवून पळाला. व्यापाऱ्यांनी या दोघांना डांबून ठेवलं. मदतीला गेलेला भारतीय अधिकारी कोर्टातच बेशुद्ध पडला. त्यानंतर जानेवारी 2012 मध्ये भारतीय दूतावासानं व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहण्याचा इशारा दिला होता.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. पैशाचा वाद कोर्टात गेला तर वाद मिटेपर्यंत देश सोडायला मनाई होऊ शकते. म्हणून दुसऱ्याच्या ऑर्डरवर सही करू नका. "माझा पण थोडा माल बघून ये" म्हणणाऱ्या मित्राचा माल त्याच्याच नावावर, त्याच्याच पैशानं. तुमचे पैसे बँकेतून, कंपनीच्या नावाच्या खात्यावरच पाठवा.

लहान खेळण्यांचंही तसंच. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. कारखान्याकडं ते नसेल तर स्वस्त मिळालेला माल बंदरावर अडकेल. आयात कोड निघायच्या आधी तर ऑर्डरच नको.

पोलीस 110, रुग्णवाहिका 120 आणि शांघायच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर कागदावर लिहून ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

जाता जाता एक आठवण. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि 1942 मध्ये तिथंच गेले. त्यांचं नाव आजही तिकडं आदरानं घेतात. आपण महिनाभरासाठी जाणार, पण "नी हाव" म्हणजे नमस्कार आणि "शिये शिये" म्हणजे धन्यवाद, एवढं तरी शिकून जा. समोरचा हसला की बोलणं सोपं होतं.

आता वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा: काय घ्यायचं, किती नग, आणि नाही विकलं तर किती नुकसान सोसता येईल. तिसरा आकडा लिहिता आला नाही, तर तिकीट काढायची घाई करू नका. पुढच्या व्हिडिओत हाच हिशोब फळ्यावर मांडू.