घरातला दिवा आणि अंगातली शक्ती



पालघरला आमच्या घरी रोज संध्याकाळी एक छोटासा प्रसंग घडतो. दिवेलागणीची वेळ झाली की माझी आई भिंतीशी जाते, बटण दाबते आणि लागलेल्या दिव्याकडे पाहून हात जोडते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे होत असेल. त्यात नवल काहीच नाही. पण परवा माझ्या मुलीने तिला विचारले, "आजी, देवापुढच्या दिव्याला नमस्कार करतात ते ठीक. बल्बला कशाला?"

आई म्हणाली, "कुनीतरी पेटवलाय म्हनूनच पेटलाय ना, बाई?"

मी कला शाखेचा माणूस. बावीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा या उत्तराचे कौतुक करून मी मोकळा झालो असतो. पण ते डोक्यातून जाईना. हा दिवा नेमका कोण पेटवतो, आणि मी दिवसभर चालतो, बोलतो, शिकवतो, तो कुणाच्या जिवावर? आज हाच हिशेब आपल्यापुढे मांडायचा आहे.

आमचे मूळ गाव रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला. १९८० नंतरच्या त्या वर्षांत आमच्या घरी रॉकेलची चिमणी होती. शेताच्या कडेने उंच लोखंडी मनोऱ्यांवरून जाड तारा जात. पावसाळ्यात त्यांचा बारीक गुणगुणता आवाज येई. त्या कुठून येतात, कुठे जातात, हे आम्हा पोरांना ठाऊक नव्हते. मी तिसरीत असताना घरात पहिला दिवा लागला. साठ वॉटचा पिवळा बल्ब. त्या दिवशी आईने हात जोडले ते जोडलेच. पुढे मी चार बुके शिकलो आणि तिच्या या सवयीला हसू लागलो. खोलीतून बाहेर पडताना ती आठवणीने दिवा मालवी, पंखा बंद करी. त्यावरही मी चिडत असे. "बिल मी भरतो ना?" असेही एकदा बोलून गेलो. आज ते आठवले की वाईट वाटते.

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक स्नेही आहेत. मुलीचा प्रश्न मी त्यांना सांगितला. ते हसले, एका कागदाच्या पाठीवर आकडे मांडले आणि म्हणाले, "तुमच्या आईंचे बरोबर आहे. हे बघा."

विजेचे एक युनिट म्हणजे हजार वॉटचे उपकरण एक तास चालेल इतकी शक्ती. बिलात त्याची किंमत काही रुपये. आता हेच काम माणसाच्या अंगमेहनतीने करायचे ठरवा. विहिरीचे पाणी तीस-बत्तीस फूट खोल आहे आणि पंधरा लिटरचा हंडा दोराने वर ओढायचा आहे. एका युनिटात जितकी शक्ती आहे, तितक्यात असे सुमारे २४०० हंडे वर येतात. माझी आई रोज वीस हंडे ओढी. म्हणजे चार महिन्यांचे पाणी. पंपात निम्मी शक्ती वाया जाते असे धरले, तरी दोन महिन्यांचे. दिवसभर राबणारा धडधाकट मजूर आठ तासांत जे काम उपसतो, ते मोजले तर जेमतेम अर्धा-पाऊण युनिट भरते.

तो कागद मी घरी आणला. आईचे तळहात मी लहानपणापासून पाहिले आहेत. दोराचे घट्टे अजून तसेच आहेत. दोन महिन्यांचे ते ओढणे आज काही रुपयांत होते, आणि मी रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून बाहेर जातो. हा हिशेब कुणी मला शाळेत शिकवला नव्हता. आईने मात्र तो हातांनीच केला होता.

आता दिवा पेटवणारे कोण ते पाहू. आमच्या जिल्ह्याला हे लांब शोधायला नको. बोईसरला उतरून पश्चिमेला समुद्राकडे गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. देशातले हे पहिले. १९६९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज रीतसर मिळू लागली. ज्या डॉ. होमी भाभांनी या कामाचा ध्यास घेतला, ते १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले. त्यांना ती पाहता आली नाही. पुढे २००५ आणि २००६ साली तिथे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. जुन्या दोन भट्ट्या पन्नास वर्षे काम करून २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवाव्या लागल्या. यंत्रालाही विसावा लागतो, बरे का!

अणूचे नाव घेतले की काहीतरी गूढ वाटते. पण काम चुलीसारखेच चालते. चुलीवर तपेले ठेवले की पाण्याची वाफ होते आणि झाकण उडू लागते. तिथे लाकडाच्या जागी युरेनियमचे अणू फुटतात आणि उष्णता निघते. वाफ झाकण उडवण्याऐवजी मोठे चाक फिरवते. चाकाला जोडलेले यंत्र वीज तयार करते. काम झालेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात. म्हणून हे केंद्र किनाऱ्यावर आहे. नव्या भट्ट्यांत एक किलो युरेनियमपासून सुमारे पंचेचाळीस ते पन्नास हजार युनिट वीज मिळते. कोळशाचे पाहिले तर एका युनिटामागे साधारण दोनतृतीयांश किलो कोळसा जाळावा लागतो.

आता माणसे मोजा. झारखंडात जादुगुड्याच्या खाणीत खाली उतरणारा कामगार. हैदराबादला त्या युरेनियमच्या कांड्या बनवणारे हात. केंद्रात रात्रभर काट्यांवर नजर ठेवून बसलेला माणूस. भर पावसात खांबावर चढणारा वायरमन. आणि एक गोष्ट आपण फार लवकर विसरतो. नव्या दोन अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जुनी जागा सोडून दुसरीकडे वसावे लागले. घर हलवता येते. घरापुढचे झाड, विहीर, समुद्राकडे जाणारी पायवाट हलवता येत नाही. आपला दिवा त्याही घरांनी पेटवला आहे.

तारेत शिरल्यावर वीज सगळी एकच होते. माझ्या घरातल्या दिव्यात तारापूरची किती, विदर्भातल्या कोळशाची किती, कोयनेच्या पाण्याची किती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून नमस्कारही एकालाच करून भागत नाही.

श्रोतेहो, आता दिव्यापासून अंगाकडे वळू. माणूस स्वस्थ बसलेला असला तरी त्याचे शरीर चोवीस तास साधारण शंभर वॉटच्या बल्बाइतकी शक्ती खर्चत असते. त्यातला पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. दिवसभराच्या भाकरी, भात, डाळ, भाजीतून जी शक्ती मिळते ती विजेच्या भाषेत सुमारे अडीच युनिट. एवढ्यात श्वास, रक्ताचे फिरणे, शेतातली लावणी, वर्गातली बडबड, पोरांवरची माया, सगळे बसवायचे. म्हणून ही शक्ती कुठे गळते ते पाहायला हवे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळच्या तासाला मागच्या बाकावर एक विद्यार्थी रोज झोपायचा. एक दिवस मी त्याला उभे केले आणि चार शब्द सुनावले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, रात्रपाळी होती." बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तो रात्री काम करी, पहाटे सुटे आणि तिथून थेट कॉलेजात येई. वर्गात कुणी हसले नाही. मला मात्र खाली बसावेसे वाटले. त्या दिवसापासून त्याला खिडकीशी जागा दिली आणि तासातला महत्त्वाचा भाग शेवटच्या वीस मिनिटांत घेऊ लागलो. तो पास झाला. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यापुढे पेंगणारे पोर आळशीच असेल असे नाही. कुणी पाणी भरून आलेले असते, कुणी उपाशी आलेले असते.

पुढे माझ्यावरच ती वेळ आली. चाळिशी ओलांडली आणि सकाळी उठतानाच थकल्यासारखे वाटू लागले. मी मनाला बोल लावला, कामाला बोल लावला. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासले आणि विचारले, "झोपता किती वाजता?" रात्री बारापर्यंत मोबाईल हातात असतो, हे सांगताना मी शरमलो. तपासणीत काही निघाले नाही. दोष सवयीचा होता. पण दर वेळी तसे नसते. आपल्या भागात किती आयाबहिणी रक्त कमी असताना वर्षानुवर्षे राबतात आणि "अंगात जोर नाही" एवढेच म्हणतात. तो थकवा समाधान मानून जात नाही. त्याला तपासणी लागते, औषध लागते, पोटभर जेवण लागते. कृतज्ञ राहा असे सांगून कुणाचे दुखणे झाकू नये.

मी स्वतःला चार सवयी लावून घेतल्या. दहाला दिवा मालवून झोपायचे आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. स्टेशनपर्यंत चालत जायचे. कडधान्य आदल्या रात्री भिजवायचे आणि शिजवताना झाकण ठेवायचे, म्हणजे गॅसही वाचतो आणि स्वयंपाकघरातला उकाडाही. चौथी, खोलीतून निघताना बटणाकडे हात न्यायचा. साठ वॉटचा जुना बल्ब सोळा-सतरा तासांत एक युनिट खाई. आताचा नऊ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्यात शंभर तासांवर चालतो. पण दिवा स्वस्त झाला म्हणून सवय महाग होता कामा नये.

शिक्षकांना एक सुचवतो. पाचवी-सहावीच्या मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगा. महिन्याचे युनिट मोजा आणि त्याचे हंडे करून दाखवा. गावातली विहीर किती खोल ते मुलांनाच मापू द्या. गणित, विज्ञान आणि आजीची आठवण, तिन्ही एका तासात होतील. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या शाळांत हे शिकवायची गरज पडणार नाही. तिथल्या मुलींना उन्हाळ्यात हंड्याचे वजन डोक्यानेच माहीत असते. तिथे हा हिशेब उलटा मांडावा : गावात एक पंप आणि एक नळ आला तर किती मुलींचे किती तास शाळेसाठी मोकळे होतील? कृतज्ञता नुसते हात जोडून संपत नाही. जे आपल्याला मिळाले ते ज्याला मिळाले नाही, त्याची आठवणही तिच्यात यायला हवी.

सुखाच्या गोष्टी फार मोठ्या नसतात. उन्हातून आल्यावर माठातले पाणी. पावसाळी सकाळी गवती चहा आणि आल्याचा कप. आजारातून उठल्यावरची मीठ घातलेली गरम पेज. चिंचणीच्या किनाऱ्याकडून संध्याकाळी येणारा वारा. वीज गेलेल्या रात्री ओट्यावर सगळे घर एकत्र बसते आणि मुलीला आजीची गोष्ट पुरी ऐकायला मिळते. वीज आली की सगळे "आली, आली!" म्हणून ओरडतात. त्या ओरडण्यात जो आनंद असतो, तो रोज बटण दाबताना कुठे जातो कोण जाणे!

परवा संध्याकाळी मुलीला मी तो कागद दाखवला. २४०० चा आकडा तिने दोनदा वाचला. मग आजीजवळ गेली आणि तिचा तळहात उघडून पाहत बसली. नमस्कार कर असे मी तिला सांगितले नाही. ती सांगण्याची गोष्ट नव्हे. पण त्या रात्री झोपायला जाताना स्वयंपाकघरातला दिवा तिने आपणहून मालवला.

आता आपणही रेडिओ बंद करून जेवायला बसाल. ताटात वाढलेले कुणी पेरले, कुणी दळले, कुणी शिजवले, ते पहिला घास घेण्यापूर्वी क्षणभर मनात आणा.