बंब रुसला तर...

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभे असताना दरवर्षी एक प्रश्न हमखास कानावर येतो : "तुमच्या ओळखीचा कुणी बॉयलरवाला आहे का हो?" इंग्लंडात नोव्हेंबर उजाडला की उन्हाळाभर मुकाट बसलेले बॉयलर एकेक करून रुसू लागतात. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. अभियांत्रिकीतली डॉक्टरेट पदरी आहे, पण तिचा बॉयलरशी काडीचा संबंध नाही. तरी दोन हिवाळ्यांत ठेचा खाऊन जे शिकलो, ते मंडळींच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

डिसेंबर २०१०. त्या वर्षीची थंडी अनेकांना आठवत असेल. आम्ही नुकतेच घर घेतले होते आणि आई नाशिकहून पहिल्यांदाच आली होती. एका सकाळी नळाला गार पाणी, रेडिएटर थंडगार, आणि बॉयलरच्या पडद्यावर एक सांकेतिक आकडा लुकलुकतोय. मी रीसेटचे बटण दाबले. आमच्या धंद्यात काहीही अडले की यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे, हा पहिला उपाय. बॉयलर पेटला, पोटात गुडगुडला आणि विझला. मी सहा वेळा बटण दाबले. तो सहाही वेळा विझला.

शाल गुंडाळून आई दाराशी उभी होती. म्हणाली, "अरे, आधी बंबात पाणी आहे का बघ."

मला हसू आले. तिच्या माहेरी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब असे. त्यात पाणी भरल्याखेरीज विस्तव घालायचा नाही, हा घरातला दंडक. पण विचार केल्यावर जाणवले, की आमच्या भिंतीवरच्या बंबालाही तोच दंडक आहे. कॉम्बी बॉयलरच्या खालच्या बाजूस दाब दाखवणारा काटा असतो. पाणी थंड असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. दाब फार उतरला की बॉयलर पेटायचेच नाकारतो, कारण पाण्याविना तापला तर तो जळेल.

आमचा काटा जागेवर होता. मग मी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि बॉयलरचे झाकण काढायला निघालो. तेवढ्यात कुंपणापलीकडचे वृद्ध शेजारी काय झाले म्हणून विचारायला आले. त्यांनी माझ्या हातातल्या हत्याराकडे पाहिले आणि काही न बोलता मला घराच्या मागे नेले. भिंतीतून बाहेर येणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक नळीवर त्यांनी कोमट पाण्याचे दोन तांबे ओतले. आतला बर्फ सुटला. आत येऊन रीसेट दाबले, आणि बॉयलर निमूटपणे पेटला.

आता यातले शास्त्र. वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुने बॉयलर ती धुराबरोबर बाहेर सोडून देत. २००५ पासून येथे नवे बॉयलर सर्वसाधारणपणे कंडेन्सिंग प्रकारचेच बसवावे लागतात. ते धूर सुमारे ५५ अंशांच्या खाली थंड करतात. वाफेचे पाणी होते आणि तिच्यातली उष्णता आपल्या पदरात पडते. ते किंचित आम्लधर्मी पाणी त्या नळीतून बाहेर जाते. नळी गोठली की पाणी बॉयलरमध्ये तुंबते आणि तो स्वतःला बंद करून घेतो. कोमट पाणी किंवा गरम पाण्याची पिशवी एवढाच उपाय. उकळते पाणी मात्र नको, नळी तडकते. नळीचा बाहेरचा भाग आखूड, जाड आणि उबदार वेष्टणात असला, तर ही वेळ सहसा येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी दुसरी चूक केली. दाब दर आठवड्याला शून्यावर येई आणि मी फिलिंग लूपची तोटी उघडून पाणी भरून मोकळा होई. चार महिने हाच उद्योग केला. पाणी कुठे जाते, हा प्रश्न मला पडलाच नाही. दहा अंशांचे पाणी सत्तर अंशांना तापले की सुमारे दोन टक्के फुगते. ते सामावून घ्यायला बॉयलरला जोडलेली एक टाकी असते. तिच्या पडद्याच्या एका बाजूला पाणी व दुसऱ्या बाजूला हवा असते. ही हवा गेली, की तापताना काटा ३ बारकडे धावतो, सुरक्षा-झडप उघडते आणि पाणी बाहेरच्या तांब्याच्या नळीतून गळून जाते. म्हणून काटा दोनदा वाचावा : एकदा थंड असताना, एकदा तापल्यावर. तापल्यावर तो फार चढत असेल तर संशय टाकीवर. न चढता नुसताच उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

माझ्या आळसाची किंमत रेडिएटरांनी मोजली. दरवेळच्या ताज्या पाण्याबरोबर ताजा प्राणवायू आत गेला, लोखंड गंजले आणि काळा गाळ तळाशी साचला. रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम असेल, तर आत हवा आहे. हीटिंग बंद करून, तो निवल्यावर किल्लीने हवा सोडावी आणि नंतर दाब पाहावा. खालून थंड आणि वरून गरम असेल, तर तो गाळ. धुऊन काढण्याचे काम जाणकाराचे. तो खर्च मी भरला आहे.

थोडक्यात, घरच्या माणसाने पाहण्याच्या गोष्टी पाच : थर्मोस्टॅटची बॅटरी, शेगडीला वायू येतो का, काटा, गोठलेली नळी आणि पडद्यावरचा आकडा. रीसेट एकदा दाबावे. पुन्हा विझला तर यंत्र काहीतरी सांगते आहे. आकडा लिहून घ्यावा व माणूस बोलवावा.

झाकणाला मात्र हात लावू नये. अनेक बॉयलरांत झाकण हा ज्वलनकक्षाच्या बंदिस्तपणाचाच भाग असतो. ते नीट बसले नाही, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. साऱ्या घराचे डोके दुखते, मळमळते, आणि बाहेर पडल्यावर बरे वाटते. आपण फ्लू समजून पांघरूण घेऊन झोपतो. त्या सकाळी मी कशाच्या तयारीत होतो, हे नंतर वाचले तेव्हा अंगावर काटा आला. घरात आई होती.

पैसे घेऊन हे काम करणारा गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला असावा लागतो. त्याचे ओळखपत्र मागायला संकोच नको. तो कोणत्या कामास पात्र आहे हे मागच्या बाजूस छापलेले असते. वायूचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडची शंका आली, तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सर्वांना घेऊन बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ हा क्रमांक फिरवा.

ही हकीकत मी आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बंबाचा दुसरा नियम तू विचारलाच नाहीस. धुराला वाट हवी, म्हणून तो कधी न्हाणीघरात पेटवायचा नाही." दोन्ही नियम तिला शाळेत न जाता ठाऊक होते. आमच्या छतावर आता कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याचे बटण दाबून पाहतो. आपणही आज रात्री निजण्यापूर्वी आपला भोंगा वाजवून पाहावा. नसेल, तर उद्याच आणावा.