स्त्री-आरोग्यसेवा प्रशिक्षण, सामान्य वैद्यांचे

स्त्रियांच्या विकारांचे प्राथमिक निदान व उपचार, गर्भिणीची देखरेख, कुटुंबनियोजन आणि धोक्याच्या लक्षणांची वेळीच ओळख ही कामे विशेषज्ञ नसलेल्या वैद्याला स्वतंत्रपणे करता यावीत, म्हणून दिल्या जाणाऱ्या शिक्षणास ही संज्ञा लावतात. स्त्रीरोगविज्ञान व प्रसूतिविज्ञान हे विषय पदवी अभ्यासक्रमात असतातच. परंतु ते मोठ्या रुग्णालयांत, बहुधा गुंतागुंतीच्या रुग्णांवरून शिकविले जातात. गावच्या दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी निराळ्या असतात व निराळ्या भाषेत सांगितल्या जातात.

रत्नागिरी तालुक्यातील हातखंबा हे या दृष्टीने बोलके ठिकाण आहे. मुंबई–गोवा महामार्गावरून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता येथे फुटतो आणि जिल्ह्याचे शहर सुमारे १५ किमी. वर आहे. अंतर फार नाही. तरीही लावणीच्या दिवसांत शहरात जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी व गाडीभाडे. शिवाय संकोच असतो तो वेगळाच. त्यामुळे अशा गावांतील स्त्री प्रथम जवळच्या वैद्याकडेच जाते आणि बहुधा कंबरदुखी किंवा अशक्तपणा एवढेच सांगते. अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे या गोष्टी विचारल्याखेरीज, आणि सासू किंवा नवरा समोर असता विचारूनही, बाहेर पडत नाहीत.

न तपासलेल्या दुखण्यांचे प्रमाण किती असते, हे राणी बंग व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या पाहणीने दाखविले. ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाहणीतील ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक विकार आढळले. यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाने दिलेले उत्तर म्हणजे स्त्री-डॉक्टर. १८८५ मध्ये डफरिन निधी स्थापन झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत पदवीधर झाल्या व त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. हे कार्य मोलाचे होते. मात्र स्त्रीची तपासणी हे आपले काम नव्हे, अशी सामान्य वैद्याची समजूतही त्यासोबत पक्की होत गेली.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे विचारण्याची व तपासण्याची सवय. एकांतात, पण परिचारिकेच्या उपस्थितीत आणि स्त्रीच्या संमतीने तपासणी करणे, योनिदर्शक वापरून गर्भाशयाच्या ग्रीवेकडे पाहणे, दोन्ही हातांनी गर्भाशय चाचपणे ही कौशल्ये व्याख्यानांनी येत नाहीत. ग्रीवेवर ३ ते ५ टक्के ॲसिटिक अम्ल लावून सुमारे एका मिनिटाने पांढरे पडलेले भाग शोधण्याची पद्धत स्वस्त आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या कामासाठी शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी ही तपासणी दर दोन वर्षांनी केली असता ग्रीवेच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आरोग्यसेविकेला जे साधते ते पदवीधर वैद्याला साधू नये, असे नाही. रक्तक्षयाकडेही असेच लक्ष हवे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत तो आढळला.

शासकीय प्रशिक्षणाचा भर दीर्घकाळ प्रसूतीवर राहिला आहे. एम्.बी.बी.एस्. पदवीधरांना सिझेरियन शस्त्रक्रियेसह तातडीची प्रसूतिसेवा शिकविणारा पाठ्यक्रम आरंभी १६ आठवड्यांचा होता. भूल देण्याचा वेगळा पाठ्यक्रम १८ आठवड्यांचा. गर्भपाताबाबत २००३ च्या नियमांनी २५ गर्भपातांत साहाय्य व त्यांपैकी किमान ५ स्वतंत्रपणे करणे, अशी पहिल्या १२ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी पात्रतेची एक वाट ठरविली. हात वळल्याखेरीज अधिकार नाही, हे तत्त्व योग्यच आहे. श्वेतप्रदरासारख्या रोजच्या तक्रारीला मात्र ते क्वचितच लावले जाते.

त्याची किंमत मोठी असू शकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ मध्ये चर्चेत आले व शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. श्वेतप्रदर, अनियमित पाळी यांसारख्या विकारांपैकी पुष्कळ औषधाने बरे होणारे असतात. पहिल्याच वैद्याने नीट तपासले, तर अशी स्त्री शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याचे बहुधा कारण उरत नाही. आणि जिला खरोखरच पुढे पाठवायला हवे, तिला तो चिठ्ठीत निदान लिहून वेळेत पाठवू शकतो.