पित्त, पित्त म्हणून किती दिवस?

डहाणूजवळच्या नरपडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पोटाच्या बहुतेक तक्रारींना एकच नाव असते : पित्त. जळजळले की सोडा, फुगले की ओवा, दुखले की दुकानातली गोळी. अशी वर्षे निघून जातात. कारण तपासणीला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली, मुंबईची मोठी रुग्णालये जवळ आली. तरी पोटासाठी गाडीत बसायला मन धजत नाही.

एकेकाळी डॉक्टरही अल्सरचा दोष काळजीला आणि तिखटाला देत. १९८४ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवून दिले. त्यांना व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. ज्याला आपण प्रकृती समजत होतो, तो पुष्कळदा जंतुसंसर्ग निघाला. दोन आठवड्यांच्या औषधांनी बरा होणारा! अंगदुखीच्या रोजच्या गोळ्या हे अल्सरचे दुसरे मोठे कारण.

आम्लाची गोळी दुखणे थांबवते, कारण नव्हे. वजन घटणे, घास अडकणे, डांबरासारखी काळी शौच, रक्तक्षय, पन्नाशीनंतर नव्याने जडलेली तक्रार, यांपैकी काहीही दिसले तर दुर्बिणीच्या तपासणीला विलंब नको.

आणि डॉक्टरांना 'पित्त आहे' असे सांगू नये. केव्हापासून, कशानंतर, कोणत्या गोळ्या घेऊन, एवढेच सांगावे. नाव त्यांना ठेवू द्यावे.