धुक्यातली भुतं आणि बाजूला धरलेला फ्लॅश

पावसाळ्यात गुंजवण्यातून पहाटेच्या अंधारात राजगड चढायला निघालेल्या ग्रुपचे फोटो दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. त्यात एखादा तरी हमखास असा असतो : मंडळींचे चेहरे पिठाळ, मागे काळाकुट्ट अंधार आणि हवेत तरंगणारे पांढरे गोल. खाली कुणीतरी लिहितं, ‘गडावर काहीतरी आहे बरं का!’ आहेच की. पाऊस आहे.

फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव उरतो. मित्र अडीच मीटरवर आणि पावसाचा एखादा थेंब कॅमेऱ्यापासून पंचवीस सेंटिमीटरवर असेल, तर थेंबावर मित्राच्या शंभरपट प्रकाश पडतो. इतक्या जवळचा थेंब फोकसमध्ये नसतो, त्यामुळे त्याची चमक पसरून वाटोळी होते. झालं भूत तयार! धुक्याची तर त्यावर कडी. त्याचे कण बारीक असले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि भिंगासमोर पांढरी भिंत उभी राहते. वरंध घाटात धुकं उतरल्यावर ज्याने हेडलाइट ‘अप्पर’वर टाकून पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून बाहेरच्या फ्लॅशचा खरा फायदा तो जास्त प्रकाश देतो हा नव्हे. तो कॅमेऱ्यापासून लांब नेता येतो, हा आहे. रेडिओ ट्रिगर लावून फ्लॅश हातभर बाजूला धरला, तरी भिंगासमोरचे थेंब बऱ्याच अंशी अंधारात राहतात. तोच फ्लॅश मित्राच्या पाठीमागे लपवून कॅमेऱ्याच्या दिशेने उडवला, तर नको असलेलं धुकं कामाला येतं. हे कण सर्वात जास्त प्रकाश पुढच्या दिशेला विखुरतात, त्यामुळे माणसाभोवती उजेडाची कड उमटते.

घरात शिरलं की वेगळीच अडचण. छताकडे फ्लॅश वळवून मऊ उजेड मिळवायचा, हा शहरी फ्लॅटमधला हुकमी डाव. भोरच्या राजवाड्यासारख्या लाकडी वास्तूत गडद तुळया आणि तक्तपोशी बहुतेक प्रकाश गिळतात, आणि परत देतात तो तपकिरी. वेल्ह्याकडच्या कौलारू घरात तर वर टप्पा घ्यायला सपाट छतच नाही. तिथे बाजूला ताणून धरलेलं पांढरं धोतर महागड्या सॉफ्टबॉक्सची बरीचशी गरज भागवतं. फ्लॅश मात्र माणसाच्या अगदी जवळ आणू नका. फ्लॅशपासून माणूस एका मीटरवर आणि मागचा खांब चार मीटरवर असला, तर खांबाला प्रकाशाचा सोळावा हिस्साच मिळतो. फ्लॅश मागे सरकवला की दोघांमधली ही तफावत कमी होते.

याच घरांच्या वळचणीला फ्लॅशची सगळ्यात सुंदर करामत पाहता येते. अडीच मीटरवरून सुटलेली पागोळी जमिनीशी पोचताना सेकंदाला सुमारे सात मीटर वेगाने येते. शटर १/२५० सेकंदावर ठेवलं, तर तेवढ्यात थेंब २८ मिलिमीटर सरकतो. फोटोत उतरते ती नुसती रेघ. पूर्ण ताकदीचा फ्लॅश साधारण १/१००० सेकंद पेटतो, म्हणजे तरीही सात मिलिमीटर. इथे अनेकजण ताकद वाढवतात. करायचं असतं नेमकं उलटं. फ्लॅशची ताकद कमी करणं म्हणजे दिवा मंद करणं नव्हे, तो लवकर विझवणं. कपॅसिटरमध्ये साधारण ३०० व्होल्टला साठवलेला भार झेनॉन वायूतून वाहू लागतो आणि इलेक्ट्रॉनिक स्विच तो मध्येच तोडतो. १/६४ ताकदीवर अनेक फ्लॅश सुमारे १/२०,००० सेकंदच पेटतात. एवढ्या वेळात थेंब सरकतो जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. संध्याकाळी उजेड उतरल्यावर, फ्लॅश थेंबाच्या फूटभर अंतरावर ठेवून हे करून पाहा : जमिनीवर आपटलेल्या पाण्याचा मुकुट काठावरच्या मण्यांसकट दिसतो. एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी विसाव्या शतकात दुधाच्या थेंबाचा असाच मुकुट टिपून जगाला थक्क केलं होतं. मढे घाटातल्या धबधब्यावर मात्र हा प्रयोग वाया. एवढ्या लांब फ्लॅश पोचतच नाही.

आणि एका ठिकाणी फ्लॅश पिशवीतून काढूच नका. पावसाच्या तोंडावर, मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, वेल्हे खोऱ्यातली झाडं काजव्यांनी लुकलुकतात. नर उडता उडता लुकलुकतो, मादी उजेडानेच उत्तर देते. मध्येच आपण फ्लॅश मारला की हा संवाद तुटतो. शिवाय फोटोत काजवे पुसले जाऊन उरतं ते नुसतं झाड. त्यांच्यासाठी तिकाटणं आणि वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर, एवढं पुरतं.

कपाटात फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश असेल, तर तो नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर सरळ चढवू नका. अशा काही फ्लॅशच्या ट्रिगर जोडणीवर दोनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि ते कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतात. रेडिओ ट्रिगरच्या रिसीव्हरवरही तो लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्या. तो उघडून दुरुस्त करायचा मोहही आवरा : सेल काढल्यावरसुद्धा कपॅसिटर बराच वेळ जोरदार झटका देऊ शकतो.